पाटीमागे पावती

कोपरी, ठाणे (पूर्व)
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

प्रिय संचू,

पोटभर आशीर्वाद, आणि आजीकडून दोन्ही गालांना एकेक मुका. आम्ही इथे छान आहोत. थंडी पडल्यापासून आजीचा गुडघा कुरकुरतो, पण आवाज खणखणीत आहे, त्यामुळे तिची खुशाली सगळ्या कोळीवाड्याला आपोआप कळते. माझी बालवाडी जोरात चाललीये.

पार्सल जपून उघड. आजीने सोडे आणि मसाला पिशवीत पिशवी घालून बांधलाय, तरी कुरिअरवाल्याने नाकाला रुमाल लावलाच. "आजी, ह्यात नक्की आहे काय?" म्हणाला. आजी म्हणाली, "लिव रे, अत्तर हाय."

आता खरी बातमी! मसाल्याच्या वर जे पांढरं पाकीट आहे ना, ते आत्ताच फोडू नकोस, आधी पत्र वाच. फोडलंस ना? मला माहीत होतं. हो, ते कार्ड तुझ्याच नावाचं आहे. मागे कागदांवर तुझ्या सह्या मागवल्या होत्या, त्या ह्याच्यासाठी. किती दिवस पोटात ठेवलंय मी हे, माझं मला माहीत!

झालं असं, की मामाकडे डोंबिवलीला गेले होते तेव्हा सहज विनीतदादाला विचारलं. तो बँकेतच, त्याला नाही तर कोणाला विचारणार? म्हटलं, संचू तिकडे परदेशात मशीनमधून पैसे काढते, तर दर वेळी इतके कापले का जातात रे? तो म्हणाला, "आत्या, तिथे तीन जण हात मारतात. आपली बँक दर खेपेला ठरलेली फी घेते, मग तुम्ही मूठभर काढा नाहीतर पोतंभर. वर आपल्या रुपयाचे त्यांचे पैसे करताना काही टक्के. आणि ज्याचं मशीन, त्याची वेगळी फी. ती किती वेळा काढते?" मी म्हटलं, दर आठवड्याला, थोडे थोडे. त्याने कपाळाला हात लावला. "वेडी आहे का ती? महिन्यातून एकदा काढायचे ना!"

तर हे नवीन कार्ड. ह्यात इथून आम्ही पैसे भरायचे आणि तू दुकानात थेट वापरायचं, फी नाही. रोख लागलीच तर बँकेच्या मशीनमधून काढ, रस्त्यावरच्या रंगीबेरंगी मशीनमधून नको. आणि मशीनने विचारलं, की रुपयांत हिशोब करू का, तर नाही म्हण. त्यात ते त्यांचा चढा भाव लावतात. विनीतदादाने हे मला दोनदा पाठ म्हणायला लावलं.

आजीला समजावून सांगायला बसले, तर तिने मध्येच तोडलं. "म्हंजे पाटीमागं पावती. यात काय समजायचं?" तू लहान असतानाच आजीने बाजारात बसणं सोडलं, म्हणून तुला सांगते. बाजारात ठेकेदाराचा माणूस रोज येऊन पावती फाडायचा. पाटीमागे एक पावती. पाटीत दोन पापलेटं असोत नाहीतर पन्नास, पैसे तेवढेच. म्हणून बायका दोघींचा माल एका पाटीत घालून बसायच्या. आजीला तुझं अगदी पटत नाही. "शिकली एवरी, पन पाटी भरून आनाला नाय शिकली," म्हणते.

बाबा ठीक आहेत. खोपटच्या बस डेपोत काम खूप आहे, जुन्या गाड्या, रोज काहीतरी निघतं. तुझ्या पैशांचा मेसेज त्यांच्या फोनवर येतो, खातं त्यांचं ना. रविवारी आजी मासळी कापायला बसली की टिंग वाजतं. मग ते चष्मा लावून मोठ्याने वाचतात. किती काढले, कुठे काढले. सोमवारी नाहीतर मंगळवारी फी कापल्याचा दुसरा मेसेज येतो, त्याला ते शेपटी म्हणतात. "आली बघ शेपटी! लुटतात साले." आजी तुझ्या गावाला गडांस म्हणते, मी ग्दान्स्क म्हणते. ते दोघींनाही सुधारतात. "ग्दाइन्स्क."

आता ती कटकट संपली. नवीन कार्डाचे मेसेज तुझ्या तिथल्या नंबरावर येतील, इथे कोणाला त्रास नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. शेपटी यायची बंद झाली की त्यांचा चेहरा बघायचाय मला!

जुनं कार्ड कपाटात आत ठेवून दे. त्याचं काम झालं.

कानाला टोपी घालत जा.

तुझी,
आई


कोपरी
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

माझ्या संचू,

आशीर्वाद तर आहेतच, पण आज खुशालीच्या ओळी लिहायला हात थांबत नाही. सगळे बरे आहेत, खाडी जागेवर आहे, पुढे वाच.

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आपल्या दोन खोल्या, तू फोन केलास की बाबा गॅलरीत जाऊन कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत बसतात. ती तुळस एक दिवस बुडून मरणार आहे. आणि मी त्यांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. दर वेळी जाते. पत्राची रेंज जात नाही.

तू नवीन कार्ड वापरायला लागलीस. पहिल्या रविवारी टिंग वाजलं नाही. मी मनात म्हटलं, आता बघतील, आता विचारतील. विचारलं नाही. आजीने बारीक कोलीम परतला होता, त्याच्याशी जेवले आणि झोपले. दुसऱ्या रविवारी फोन बंद करून चालू केला. तिसऱ्या रविवारी स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "काका, फोन एकदम ओके आहे." मग एके दिवशी अर्धी रजा टाकून बँकेत गेले! बाबा आणि रजा! काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, माझ्या खात्याचे मेसेज बंद पडलेत. तिने बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही व्यवहारच केला नाही तर मेसेज कसला येणार?"

त्या दिवशी घरी आले ते चपला न काढता दारात उभे. "शीला, पोरगी पैसे काढत नाही. पाच आठवडे झाले. काय खाते ती?"

मला हसू आलं, देवा, मला हसू आलं. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सगळं सांगितलं. नवीन कार्ड, शून्य फी, विनीतदादा. त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "बरं केलंस." एवढंच. मी पाट मांडला, सुरमईची तळलेली तुकडी वाढली. तुकडी तशीच राहिली. सुरमईची तुकडी, संचू. बाबांच्या ताटात.

मला कळेना माझं काय चुकलं. आजी भांड्यांचा आवाज करत होती. म्हणाली, "तुना ठमाबाय आठवते?"

मला कुठली आठवणार, ती माझ्या लग्नाआधीची. एकटी बाई, नवरा गेलेला, मूल नाही. आजीच्या शेजारी बाजारात बसायची. पाटीत काय, तर मूठभर मांदेली. रोज तेवढीच. आणि त्यावर रोज पावती फाडायची. अर्धी विक्री पावतीतच जायची. आजी तिला हसायची. एकदा म्हणाली, अगं, दोन दिवसांची एकदम आण, एक पावती वाचेल. तर ती म्हणाली, "एकदम आनलं, तं उद्या कनाला येऊ?"

आजीने भांडी खाली ठेवली. "तशी तुजी पोर. ती पैसं काढाला नाय जात गो. बसाला येते."

संचू, माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मला एकदम सगळं दिसायला लागलं! तू रविवारीच का काढायचीस? आणि इकडे आजी मासळी कापायला बसते तेव्हाच का? तेव्हा तुझ्याकडे पहाट असते. हिवाळ्यात तर मिट्ट काळोख. बर्फात, रविवारच्या पहाटे, मूठभर पैसे काढायला कोण जातं? पण इथे असताना तू आणि बाबा त्याच वेळेला मिठबंदरावरून मासळी घेऊन घरी यायचात. जिन्यातूनच तुमचं भांडण ऐकू यायचं, घोळ ताजी होती की नव्हती. तू दर रविवारी त्याच वेळेला घरी येत होतीस. आणि बाबा चष्मा लावून दार उघडत होते. आणि मी मूर्ख, मी फी वाचवली!

इतके दिवस तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी नवीन कार्ड पाठवलं तर "थँक्यू आई" म्हणालीस आणि वापरायला लागलीस. तुला काय वाटलं असेल? बाबांनीच ते बंद करायला सांगितलं, असं वाटलं का? तसं वाटलं असेल तर आत्ता, ह्या ओळीवर, ते डोक्यातून काढून टाक.

तुझं जायचं कळलं त्या दिवशी ते जे बोलले, "गेलीस तर मला फोन करू नकोस," ते तू शब्दशः पाळते आहेस. ते तुझ्या जाण्यावर चिडले नव्हते गं. आपण दोघींनी ठरवलं होतं ना, व्हिसा हातात आला की मग सांगू, उगाच नाही म्हणतील. आणि त्यांना कळलं कोणाकडून, तर बंदरावर जाळं शिवणाऱ्या तानाजीकाकाकडून. "काय सुदेश, पोर चालली म्हणे परदेशात!" सगळ्या कोळीवाड्याला माहीत, आणि दर रविवारी जिच्यासोबत मासळी निवडायची तिच्या बापाला शेवटी. त्यांना ते लागलं. आणि आता कार्डाचंही मी त्यांच्यामागूनच केलं, बघ. बाईला अक्कल कधी येणार!

अजून एक. जुनं कार्ड विमानतळावर मी तुझ्या हातात ठेवलं, म्हणून ते मीच दिलं असं तुला वाटतं. सकाळी ड्युटीवर जाताना ते त्यांनी डब्याशेजारी ठेवलं होतं. "तिला दे. मी दिलं म्हणून सांगू नकोस." आणि ते "ग्दाइन्स्क" त्यांना कुठून आलं माहितेय? कानात वायर घालून फोनवरच्या बाईकडून शिकले. ती बाई एकच शब्द म्हणते, हे तिच्यामागून ओठ हलवतात. मी पाठ करून झोपल्याचं सोंग घेते.

म्हणून सांगते, हे पत्र मिळेल त्या रविवारी जुनं कार्ड बाहेर काढ. थोडेच काढ. कापू दे फी. तिघांनाही हात मारू दे.

आणि मी यायचं म्हणतेय तुझ्याकडे. खरंच! मे महिन्यात, बालवाडीला सुट्टी लागली की. ते बोलावण्याचे कागद असतात ना, ते कर आणि पाठव. नावं दोघांची टाक, कागदावर बरं दिसतं. पुढचं मी बघते.

फोनवर ह्यातलं काही बोलू नकोस. नुसतं टिंग वाजव.

तुझी,
फी वाचवणारी आई


कोपरी
शुक्रवार, २३ मे २०२५

संचू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू मान उंच करून मला शोधत असशील. मी त्या गर्दीत नाही. पत्र ज्यांनी हातात दिलं त्यांच्याकडे आधी बघ, मग वाच.

बघितलंस? आता तिथेच बाजूला होऊन वाच, त्यांना बॅगांपाशी उभं राहू दे. बॅगा सोडून ते कुठे जाणार नाहीत, आजीने सक्त ताकीद दिलीये. एका बॅगेत सुके बोंबील आहेत.

मी येणार असं तुला शेवटपर्यंत सांगत राहिले. आपण त्यांच्यामागून केलं होतं, ह्या वेळी त्यांनी आणि मी मिळून तुझ्यामागून केलं. फिट्टंफाट!

तू जुनं कार्ड पुन्हा काढलंस, त्या रविवारचं तुला सांगायचं राहिलंय. फोनवर सांगता येईना, ते इथेच असायचे. आजी मांदेली साफ करत होती. बाबा गच्चीवर टाकी बघायला गेले होते, फोन खाली. टिंग वाजलं. मी आणि आजीने एकमेकींकडे बघितलं, आणि आजी ओरडली, "सुदेऽऽऽश! गडांस!" अख्ख्या कोळीवाड्याने ऐकलं असेल. ते जिना कसे उतरले देव जाणे, एक चप्पल वरच राहिली. चष्मा सापडेना, तर मला म्हणाले वाच. मी वाचलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. मग शांतपणे म्हणाले, "ग्दाइन्स्क म्हण," आणि आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते तोंड धुऊन.

त्या दिवशी मांदेलीचं शेवटचं शेपूटसुद्धा त्यांच्या ताटात उरलं नाही.

सोमवारी फी कापल्याचा मेसेज आला, तर म्हणाले, "घेऊ दे. त्यांचंही पोट आहे." बँकेबद्दल!

मग तुझे कागद आले. मी म्हटलं, पासपोर्ट काढू या दोघांचा, घरात असलेला बरा. मी अर्ज भरायला बसले तर हे चुळबुळ करायला लागले. माझा नको म्हणाले. मी म्हटलं का नको? तर कपाटावरची जुनी ट्रंक काढली, त्यात डेपोची जुनी खाकी, आणि खाकीच्या खिशात पासपोर्ट! ऑक्टोबरात काढलेला, संचू. तू गेल्याला धड महिनाही झाला नव्हता तेव्हाचा. पोलीस चौकशीला आले तेव्हा मी बालवाडीत होते. मी म्हटलं, मग घरी कोण होतं? तर आजी पदराने तोंड पुसत म्हणाली, "मी व्हते. चा दिला त्यांना." मी म्हटलं, आई, आणि मला सांगितलं नाहीत? "मना इचारलंस कवा?"

म्हणजे तू तिकडे टिंग वाजवत होतीस, हे इकडे खाकीच्या खिशात तयार होऊन बसले होते, आणि दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. आता सांग, घोळ ताजी आहे की नाही ह्यावर जिन्यात भांडणारी माणसं ती हीच ना?

तू विचारशील, तू का नाही आलीस? आजीला एकटं ठेवता येत नाही, हे खरं. दोघांचं तिकीट झेपलं नसतं, हेही खरं. पण मी आले असते तर तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलत बसला असता. "आई, बाबांना विचार चहा घेणार का." "शीला, तिला सांग मला चालेल." मला ते नकोय. आठ महिने मी तुमच्यामधली तार होऊन राहिलेय, आता तुमचं तुम्ही बघा.

त्यांना थोडी भीती वाटतेय. तुला सांगायला त्यांनी मना केलंय, म्हणून सांगते. सगळं सामान बांधून झालं, गरम बनियन तीन झाले, आणि काल जेवताना म्हणाले, "ती मला बघून परत फिरली तर?" बसच्या इंजिनात आख्खा हात घालणारा माणूस! मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "फिरंल कशी? दर रविवारी येते ती."

तर आता माझं एक काम करायचंस.

त्यांचा फोन मी इथे ठेवून घेतलाय. त्यांच्याकडे विनीतदादाचा जुना फोन आहे. हा त्यांचा नंबर बँकेला जोडलेला आहे, म्हणून तो माझ्याजवळ हवा. रविवार आलाच. त्यांना त्या मशीनपाशी घेऊन जा, जिथे तू काळोखात जायचीस. त्यांना ते बघायचंय. मला म्हणाले होते, "कुठल्या भिंतीत आहे ते एकदा बघायचंय." पिन त्यांना दाबू दे. मशीन रुपयांबद्दल विचारेल त्याला नाही म्हण, फीबद्दल विचारेल त्याला हो म्हण. किती काढायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि त्यावरून भांडण झालं तर होऊ दे.

मी आणि आजी मासळी कापायला बसलेल्या असू. आजीने आजच सांगून ठेवलंय, फोन पाटाजवळ पाहिजे, आणि आवाज मोठा.

आता पत्र घडी करून ठेव आणि त्यांच्या हातातली बोंबलांची बॅग तू घे.

इकडे चष्मा लावून बसलेली,
तुझी आई